सामाईक विभाज्य संख्या कशा शोधाव्यात

१२ आणि १८ या संख्या घेऊ. दोन्ही पाढे शेजारीशेजारी लिहून जुळणाऱ्या संख्यांवर खुणा करण्याची रीत बरोबर असली, तरी तिच्यात श्रम फार वाया जातात. त्याऐवजी मोठ्या संख्येचाच पाढा म्हणावा आणि प्रत्येक पायरीवर लहान संख्येने निःशेष भाग जातो का, एवढेच पाहावे. अठरा एके अठराला १२ ने भाग जात नाही; अठरा दुणे छत्तीसला जातो, म्हणून ३६ हा लसावि, म्हणजेच लघुतम साधारण विभाज्य. तो हाती आला की पाढा पुढे नेण्याचे कारण उरत नाही, कारण ७२, १०८, १४४ अशा उरलेल्या सर्व सामाईक विभाज्य संख्या ३६ च्याच पटीत येतात आणि त्यांना अंत नाही.

बरेच विद्यार्थी १२ × १८ = २१६ करून मोकळे होतात. २१६ ही सामाईक विभाज्य संख्या आहे खरी, परंतु केवळ तिच्या पटी घेतल्यास ३६ ते १८० या पाच संख्या सुरुवातीलाच निसटतात. गुणाकाराला मसाविने, म्हणजेच महत्तम साधारण विभाजकाने (दोन्ही संख्यांना निःशेष भागणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येने), भागले की लसावि मिळतो: २१६ ÷ ६ = ३६. ही सोय मात्र दोनच संख्यांपुरती आहे, आणि नेमके हेच विसरले जाते. १२, १५ व २० यांचा गुणाकार ३६००, मसावि १, पण लसावि ६० आहे. तीन संख्या असल्यास आधी दोघींचा लसावि काढावा आणि मग त्याचा तिसरीशी.

संख्या मोठ्या असतील तर मूळ अवयव पाडावेत. २४ = २ × २ × २ × ३ आणि ९० = २ × ३ × ३ × ५. प्रत्येक अवयव ज्या संख्येत अधिक वेळा आला असेल, तितक्या वेळा घ्यावा. म्हणजे २ तीनदा, ३ दोनदा, ५ एकदा, आणि लसावि ३६०.

शाब्दिक उदाहरणांत गणितापेक्षा भाषाच अधिक फसवते. नळाला ‘तीन दिवसांआड’ पाणी येते आणि टँकर दर सहा दिवसांनी येतो. आज दोन्ही आले, तर पुन्हा एकत्र कधी येतील? तीन दिवसांआड म्हणजे मध्ये तीन दिवस कोरडे आणि चौथ्या दिवशी पाणी, म्हणून ४ आणि ६ यांचा लसावि घ्यावा लागतो: १२ दिवसांनी. जो ३ घेतो त्याचे उत्तर ६ येते. त्या दिवशी टँकर दारात असतो, पण नळाला पाणी यायला आणखी दोन दिवस असतात.