डोळ्यांतून पाणी येतंय? डोळे कोरडे असू शकतात

संध्याकाळी लॅपटॉप मिटताना डोळे चुरचुरतात, वाळू गेल्यासारखे खुपतात. स्कूटरवर जरा वारा लागला की गालावर पाणी ओघळतं. एवढं पाणी येतंय तर डोळे कोरडे कसे?

डोळ्यावरच्या अश्रूंच्या थरात नुसतं पाणी नसतं, त्यावर तेलाचा पापुद्रा असतो. हे तेल पापण्यांच्या कडेच्या बारीक ग्रंथींतून येतं. त्या तुंबल्या की पाणी भराभर उडून जातं, डोळा झोंबतो आणि मग घाईघाईने पाण्याचा लोंढा सोडतो. तेलाविना तोही टिकत नाही. गार पाण्याचे हबके मारून बरं वाटतं ते तेवढ्यापुरतंच.

म्हणून आधी शेक. स्वच्छ रुमाल गरम पाण्यात बुडवून पिळा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून चटका बसत नाही ना ते बघा आणि मिटल्या डोळ्यांवर 5 ते 10 मिनिटं ठेवा. बहुतेकांचं इथेच चुकतं: रुमाल दोन मिनिटांत गार होतो आणि आपण तसेच पडून राहतो. पाण्याचं पातेलं हाताशी ठेवा, पुन्हा पुन्हा बुडवा. नंतर बोटाने अगदी हलकं चोळा, वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर. डोळ्यावर दाब नको. रोज करा, फरक कळायला काही आठवडे जातात.

एरवी आपण मिनिटाला साधारण 15 वेळा पापण्या मिटतो, स्क्रीनपुढे त्याच्या निम्म्यानेही नाही, आणि त्याही अर्धवट. प्रत्येक मेल पाठवल्यावर डोळे पूर्ण मिटून दोन आकडे मोजा. स्क्रीन नजरेच्या थोडी खाली घ्या, म्हणजे डोळा कमी उघडा राहतो. पंखा किंवा एसीचा झोत तोंडावर नको. गाडीवर हेल्मेटची काच खाली.

थेंब घ्यायचे तर कृत्रिम अश्रूंचे घ्या. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्वेटिव्ह नसलेले मागा. खालची पापणी ओढून एकच थेंब टाका, बाटलीचं टोक कुठे टेकवू नका, मिनिटभर डोळे मिटा. लाली घालवणारे थेंब रोज घालू नका, लाली उलटून येते. स्टेरॉइडचे तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मुळीच नको, त्यांनी काचबिंदू होऊ शकतो. आणि गुलाबपाणी, मध, तूप? आजीची माफी मागून सांगते, स्वयंपाकघरातच राहू द्या.

डोळा खूप दुखतोय, उजेड सहन होत नाही किंवा नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर ती आधी काढा. डोळ्यांसोबत तोंडही कोरडं पडत असेल, सांधे दुखत असतील, तर तेही सांगा, मूळ संधिवाताच्या जातीच्या आजारात असू शकतं. ॲलर्जीच्या, नैराश्याच्या काही गोळ्यांनीही डोळे सुकतात, तेव्हा चालू औषधांची पाकिटं बरोबर न्या. डॉक्टर कदाचित खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून 5 मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजते ते पाहतील. जरा टोचल्यासारखं वाटतं, दुखत नाही.