नागपूरच्या तलावातली जलपरी: मुलांसाठी मायेची सचित्र परीकथा कशी रचावी

जलपरीची गोष्ट लिहायला बसलेला माणूस बहुधा समुद्रापासून सुरुवात करतो. नागपूरच्या मुलाने समुद्र पाहिलेला असतोच असे नाही. फुटाळा, अंबाझरी किंवा गांधीसागर तलाव मात्र त्याच्या रोजच्या ओळखीचा असतो. म्हणून प्रवाळ आणि मोत्यांचे महाल बाजूला ठेवून आपल्या जलमाणसांना गोड्या पाण्यात घर द्यावे, जिथे शिंगाड्याचे वेल, कमळाचे लांब देठ आणि गाळात रुतलेली जुनी होडी असेल. आधी दोन-तीन वेळा तलावाकाठी वही घेऊन बसावे आणि पाण्याचा रंग सकाळी कसा असतो, संध्याकाळी कसा होतो, एवढेच टिपून ठेवावे.

गोष्टीचा गाभा माया हा असेल, तर ‘दया’ हा शब्द तिच्यात कुठेही येऊ देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. दया करणारा वर उभा असतो आणि घेणारा खाली. मुलांना हे उमगते आणि मग गोष्ट उपदेशासारखी वाटू लागते. माया कृतीतून दिसली पाहिजे आणि त्या कृतीत करणाऱ्याचे काहीतरी खर्ची पडले पाहिजे. शिवाय जलमाणसाची गरज त्याच्या शरीरातूनच निर्माण व्हावी, नाहीतर त्याच्या जागी ससा किंवा चिमणी आणली तरी गोष्टीत फरक पडणार नाही.

उदाहरणार्थ, मे महिन्यात तलावाचे पाणी आटते आणि जलमाणसांचे एक लेकरू काठच्या डबक्यात अडकते. टँकरच्या रांगेत तासभर उभी राहून गुंड (पाण्याचे भांडे) भरून घरी निघालेल्या मुलीला ते दिसते. ती अर्धा गुंड त्याच्या अंगावर ओतते, आणि उरलेला अर्धा घेऊन घरी आल्यावर आई विचारते, “गुंड अर्धा काऊन आणला वं?” गोष्टीचे खरे वजन या प्रश्नावर आहे. मुलगी काय उत्तर देते, यावर लेखकाने सर्वांत जास्त दिवस घालवावेत. पुढचे लेकराला तलावात पोहोचवण्याचे प्रसंग त्या मानाने सोपे आहेत. शेवटी मोत्यांची थैली किंवा तीन वर देऊ नयेत, कारण मग माया हा व्यवहार ठरतो. पावसाळा सरल्यावर दोघांनी पायरीवर बसून कोवळे शिंगाडे सोलून खावेत, इतके पुरेसे आहे.

भाषेबाबत एक विनंती आहे. निवेदन प्रमाण मराठीत ठेवले, तरी संवाद आपल्या बोलीत लिहावेत. “काऊन रडून राहिली तू?” हे वाक्य नागपूरच्या मुलाला स्वतःच्या घरातले वाटते. ‘मत्स्यकन्या’ हा शब्द सुंदर असला तरी नुकत्याच वाचू लागलेल्या मुलाला त्यातली जोडाक्षरे अडवतात, म्हणून ‘जलपरी’ बरा. आणि जलपरीचे आजोबा, भाऊ, बाबा यांच्यासाठी ‘जलमाणसे’ म्हणावे.

चित्रपुस्तकाची बत्तीस पाने ही रूढ मोजणी आहे, कारण छपाईत सोळा पानांचे दोन फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पाने) नेमके बसतात. पहिली तीन पाने शीर्षक, अर्पणपत्रिका इत्यादींना आणि शेवटचे पान मलपृष्ठाच्या आतल्या बाजूस सोडले, तर गोष्टीसाठी समोरासमोरच्या पानांच्या चौदा जोड्या उरतात. प्रत्येक जोडीवर साधारण चाळीस शब्द धरावेत. उत्कंठेचे वाक्य नेहमी उजव्या पानाच्या तळाशी यावे, म्हणजे पान उलटण्याची ओढ लागते. चौदा चौकोनांचा कच्चा आराखडा एका मोठ्या कागदावर काढून भिंतीला लावावा, आणि जे चित्रात दिसते ते मजकुरातून निर्दयपणे काढून टाकावे.

आता शेपटीविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण बहुतेक चित्रे इथे चुकतात. माशाचे शेपूट उभे असते आणि डावी-उजवीकडे हलते. डॉल्फिनचे आडवे असते आणि वर-खाली हलते. यांपैकी कोणते हवे हे पहिल्याच दिवशी ठरवून पुस्तकभर पाळावे. तलावातल्या जलमाणसांना माशाचे उभे शेपूट शोभेल. खवले घरावरच्या कवेलूंसारखे एकावर एक चढलेले आणि मोकळी कड शेपटाकडे असलेले काढावेत. त्यासाठी बाजारातला रोहू समोर ठेवून पाहावा. मरळ हा मासा पृष्ठभागावर येऊन हवेतूनही श्वास घेतो आणि अंग ओले राहिले तर काही काळ पाण्याबाहेर जगतो. डबक्यातल्या लेकराला मरळीचे ठिपके दिले, तर अर्ध्या गुंडाने त्याचा जीव का वाचला, हे चित्रच सांगेल.

भेटीच्या चित्रात मुलीला उभी दाखवू नये. तिला गुडघ्यांवर बसवून दोघांचे डोळे एका रेषेत आणावेत. मायेविषयी वर जे लिहिले, ते चित्रात उतरवण्याचा हाच मार्ग मला सापडला आहे. मात्र दोघांचे चेहरे पानांच्या मधल्या घडीपासून दूर असावेत, नाहीतर शिलाईत नाक जाते.

जलरंगांसाठी ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद घ्यावा. नागपूरच्या उन्हाळ्यात ओला थर पाहता पाहता सुकतो आणि पाण्याच्या चित्रात नको त्या कडा उमटतात, त्यामुळे तलावाचे मोठे हात पहाटे मारावेत आणि कागद दोन्ही बाजूंनी भिजवून घ्यावा. बुडबुड्यांसाठी आधी पांढऱ्या मेणखडूने गोल काढले, की रंग त्यांवर चढत नाही. स्कॅन ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके) करावे आणि कापणीसाठी चारही बाजूंनी ३ मिलिमीटर चित्र जास्त ठेवावे.

छापखान्यात देण्याआधी घरीच नमुनाप्रत बनवावी. ए-फोर आकाराचे आठ कागद एकत्र दुमडले, की बत्तीस पाने होतात. घडीवर सुईदोऱ्याने तीन टाके घालावेत, अक्षर किमान अठरा पॉइंटचे ठेवावे आणि ती प्रत एखाद्या पाच वर्षांच्या मुलाला मोठ्याने वाचून दाखवावी. मूल जिथे चित्राकडे बघायचे सोडून इकडेतिकडे पाहू लागेल, त्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलने खूण करून ते पान पुन्हा लिहावे.