ड्रॉवरमधल्या पोको एफ१ वर लिनिएजओएस कसं चढवायचं

ऑगस्ट २०१८ मध्ये पोको एफ१ आला तेव्हा एकवीस हजारांत स्नॅपड्रॅगन ८४५ मिळतोय यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता. आज तोच फोन कित्येक घरांत ड्रॉवरमध्ये पडलाय, जुने चार्जर आणि निकामी रिमोट यांच्या सोबतीला. बिघाड काहीच नाही. कंपनीने अँड्रॉइड १० पर्यंत अपडेट दिले आणि हात झटकले, एवढंच. प्रोसेसर अजून धडधाकट आहे, सुरक्षेचे पॅच मात्र कधीचेच थांबलेत.

आमच्याकडे वडिलांचा असा एक होता. आता तो ओट्यावरच्या फळीवर उभा असतो. आई त्यावर रेडिओ ऐकते आणि कुकरच्या शिट्ट्या विसरू नयेत म्हणून टायमर लावते. त्यावर लिनिएजओएस आहे. फोनला नवी ऑपरेटिंग सिस्टिम घालायची, ज्याला आपण 'रॉम टाकणं' म्हणतो, ते प्रत्यक्ष काम अर्ध्या तासाचं. तयारीला मात्र आठवडा लागतो, आणि फोन बिघडतात ते बहुतेक या तयारीत घाई केल्यामुळे. म्हणून या लेखातही तयारीच जास्त आहे.

लिनिएजओएस म्हणजे अँड्रॉइडच्या खुल्या सोर्सकोडवर स्वयंसेवकांनी बांधलेली सिस्टिम. तिचं मूळ २००९ साली स्टीव्ह कोंडिक यांनी सुरू केलेल्या सायनोजेनमॉडमध्ये. डिसेंबर २०१४ मध्ये सायनोजेनच्या भारतातल्या हक्कांवरून मायक्रोमॅक्स आणि वनप्लस दिल्ली उच्च न्यायालयात भांडत होते, ते काहींना आठवत असेल. २०१६ च्या अखेरीस सायनोजेन कंपनीने गाशा गुंडाळला आणि त्याच कोडवर लिनिएज उभं राहिलं.

आधी हे वाचा, मग हात लावा

रोजच्या फोनवर हा प्रयोग करू नका. बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा आतला प्रोग्रॅम) उघडला की गूगलच्या 'प्ले इंटिग्रिटी' तपासणीत फोन कमी पडतो, आणि बँकेचं किंवा यूपीआयचं अ‍ॅप चालेलच याची खात्री राहत नाही. आज चाललं तरी पुढच्या महिन्यात अपडेटनंतर रुसू शकतं. त्यावर जुगाड निघत असतात, पण भाजीवाल्यापुढे उभं राहून ते करत बसणं मला जमणार नाही. बऱ्याच फोनवर वाइडवाइनची (व्हिडिओची नक्कल रोखणाऱ्या गूगलच्या यंत्रणेची) पातळीही एल१ वरून एल३ वर घसरते. म्हणजे पैसे भरून घेतलेल्या ओटीटीवरचा सिनेमा धुरकट दिसतो.

फोनची पाठ फुगलेली असेल, कव्हर नीट बसत नसेल, तर बॅटरी गेली आहे. तो फोन आधी दुरुस्तीवाल्याकडे न्या. रॉम नंतर.

आणि सिम जिओचं घालणार असाल तर एक गोष्ट बघा. जिओकडे टू-जी, थ्री-जी नाहीच, त्यामुळे व्होएलटीई (फोर-जीवरून होणारं बोलणं) चाललं नाही तर फोनवर बोलताच येणार नाही. अधिकृत यादीतल्या फोनवर ते सहसा चालतं. टेलिग्रामवरून उचललेल्या कुणाच्याही रॉमवर चालेलच असं नाही.

फोनचं खरं नाव शोधा

डब्यावर छापलेलं नाव इथे उपयोगाचं नाही. प्रत्येक मॉडेलला एक सांकेतिक नाव असतं आणि फाइल त्या नावाचीच लागते. पोको एफ१ चं नाव 'बेरिलियम'. रेडमी नोट ७ 'लॅव्हेंडर', पण नोट ७ प्रो 'व्हायोलेट'. दोघांची आतली चिप वेगळी. रेडमी नोट ४ ची गंमत तर याहून मोठी. भारतात विकला गेलेला स्नॅपड्रॅगनवाला 'मिडो', आणि चीनमध्ये त्याच नावाने मीडियाटेकची चिप घालून विकलेला 'निकेल'. नाव एक, आतला ऐवज वेगळा.

लिनिएजच्या संकेतस्थळावर फोनची यादी आहे. तिथे आपल्या सांकेतिक नावाचं पान उघडा आणि फाइल तिथूनच घ्या. त्याच पानावर फोनमध्ये मूळ सिस्टिमची कोणती आवृत्ती आधी असायला हवी हेही दिलेलं असतं. ती ओळ लोक हमखास गाळतात. तुमचा फोन यादीत नसेल तर इथेच थांबलात तरी चालेल.

सामान

विंडोजचा लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर लागेल, कारण शाओमीचं (पोको, रेडमी त्यांचेच) बूटलोडर अनलॉक करणारं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं. गूगलच्या डेव्हलपर साइटवरून 'प्लॅटफॉर्म टूल्स'ची झिप फाइल उतरवून सी ड्राइव्हमध्ये उघडून ठेवा. कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा देणारी एडीबी आणि फास्टबूट ही दोन हत्यारं त्यातच आहेत.

केबल मात्र चांगली हवी. माझे पहिले दोन तास केबलपायी गेले. पॉवरबँकसोबत आलेली केबल घेतली होती. फोन चार्ज होत होता, पण कॉम्प्युटरला दिसेना. ड्रायव्हर तीनदा काढून घातले. शेवटी कळलं, त्या केबलमध्ये डेटाच्या तारा नव्हत्याच. फोन जोडल्यावर त्यातले फोटो कॉम्प्युटरवर दिसतात का, हे सगळ्यात आधी बघून घ्या.

लिनिएजच्या पानावरून दोन फाइल लागतील: रिकव्हरीची (जिच्यातून सिस्टिम बसवायची त्या छोट्या मेनूची) इमेज आणि सिस्टिमची झिप. प्ले स्टोअर हवं असेल तर 'माइंड द गॅप्स'चीही (गूगलच्या अ‍ॅपच्या संचाची) झिप घ्या, एआरएम६४ म्हणजे ६४-बिट प्रोसेसरवाली. लिनिएज २१ असेल तर अँड्रॉइड १४ ची, २२ असेल तर १५ ची. उतरवलेल्या फाइलचा एसएचए-२५६ आकडा (फाइलचा अंगठ्याचा ठसाच तो) साइटवरच्या आकड्याशी ताडून पाहा. अर्धवट उतरलेली झिप पुढे फार छळते.

बॅकअप घ्याच. फोटो, व्हॉट्सअ‍ॅप, फोनमध्येच साठवलेले नंबर, आणि ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधले कोड. या शेवटच्याचीच आठवण राहत नाही, आणि मग ई-मेल उघडताना घाम फुटतो. अनलॉक करताना फोन पूर्ण पुसला जातो, त्यावर इलाज नाही.

अनलॉक, अर्थात आठवडाभर वाट बघणं

सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'वर जाऊन एमआययूआयच्या (शाओमीच्या मूळ सिस्टिमच्या) आवृत्तीवर सात वेळा टॅप करा. डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील. त्यात 'ओईएम अनलॉकिंग' चालू करा. मग वायफाय बंद, सिमचा डेटा चालू, आणि 'एमआय अनलॉक स्टेटस'मध्ये जाऊन शाओमीचं खातं आणि फोन जोडा. हे मोबाइल डेटावरच करायचं. वायफायवर हमखास अडकतं.

आता फोन बंद करा. आवाज कमी करायचं बटण आणि पॉवर एकत्र दाबून धरा. कानटोपी घातलेला एक ससा हिरव्या अँड्रॉइडची दुरुस्ती करताना दिसेल, खाली 'फास्टबूट' असं लिहिलेलं. केबल लावा, कॉम्प्युटरवर 'एमआय अनलॉक' उघडा, त्याच खात्याने आत जा आणि अनलॉक दाबा. बहुतेकांना इथे १६८ तास थांबा असा निरोप मिळतो. थांबायचं. अधूनमधून जाऊन खातं पुन्हा जोडलंत तर घड्याळ पहिल्यापासून सुरू होतं. या सात दिवसांत शाओमीच्या खात्यातून बाहेरही पडू नका.

सात दिवसांनी हेच पुन्हा करा. या खेपेला फोन पुसला जाईल, आणि सुरू होताना पडद्याच्या तळाशी उघडं कुलूप दिसेल. मिळाली परवानगी. (हायपरओएस या शाओमीच्या नव्या सिस्टिमवाल्या फोनना नियम याहून कडक आहेत, ही पद्धत त्यांना जशीच्या तशी लागू नाही.)

रविवार सकाळ

बॅटरी सत्तर टक्क्यांच्या वर ठेवा. फोनमध्ये गूगल खातं पुन्हा घातलं असेल तर काढून टाका, नाहीतर पुसल्यानंतरही फोन जुनाच पासवर्ड मागत बसेल.

प्लॅटफॉर्म टूल्सच्या फोल्डरमध्ये तिन्ही फाइल आणून ठेवा आणि त्यांना छोटी नावं द्या: 'रिकव्हरी', 'लिनिएज', 'गॅप्स'. तिथेच कमांड प्रॉम्प्ट उघडा. खालच्या आज्ञा उच्चारानुसार लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजीत, सगळी अक्षरं लहान.

फोन पुन्हा सशाच्या पडद्यावर आणा आणि टाइप करा: फास्टबूट डिव्हाइसेस. एक लांबलचक क्रमांक आणि पुढे 'फास्टबूट' हा शब्द दिसला पाहिजे. काहीच नाही दिसलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण असेल. विंडोज अपडेटमधल्या ऐच्छिक ड्रायव्हरांत अँड्रॉइडचा ड्रायव्हर सापडतो. नवीन लॅपटॉपवर, विशेषतः एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या, यूएसबी ३ चा पोर्ट इथे त्रास देतो. जुना यूएसबी २ चा हब मध्ये लावला की बहुधा गाडी सुरळीत होते.

मग: फास्टबूट फ्लॅश रिकव्हरी, आणि पुढे रिकव्हरीच्या फाइलचं नाव. दोन-तीन सेकंदांत 'फिनिश्ड' येईल.

इथे मोठा खड्डा आहे. आता फोन नेहमीसारखा सुरू होऊ दिलात, तर एमआययूआय तुमची रिकव्हरी पुसून स्वतःची परत बसवते. तेव्हा केबल काढा, आणि आवाज वाढवायचं बटण व पॉवर एकत्र दाबून धरा. कंपनीचं नाव दिसलं की पॉवर सोडा, दुसरं बटण धरून ठेवा. लिनिएजच्या खुणेचा साधासा मेनू येईल.

त्यात 'फॅक्टरी रीसेट' आणि मग 'फॉरमॅट डेटा'. त्यानंतर मागे येऊन 'अप्लाय अपडेट', मग 'अप्लाय फ्रॉम एडीबी'. केबल लावा आणि कॉम्प्युटरवर लिहा: एडीबी साइडलोड, पुढे लिनिएजच्या झिपचं नाव.

टक्के वाढू लागतील. आणि सत्तेचाळीसवर थांबतील.

पहिल्यांदा मी हे बघून केबल उपटणारच होतो. तसं अजिबात करू नका. कॉम्प्युटरवरचा आकडा ४७ वर अडकतो, कधी तर 'वाचता आलं नाही' अशा चुकीच्या ओळीपुढे 'सक्सेस' असा विचित्र शेराही मारतो. काम झालेलं असतं. फोनच्या पडद्यावर काय लिहिलंय ते खरं मानायचं.

फोनने 'हे पॅकेज अमुक डिव्हाइससाठी आहे, हा तमुक आहे' अशी तक्रार केली, तर फाइल दुसऱ्या मॉडेलची आहे. तपासणी वगळायचे उपाय युट्यूबवर दाखवतात. ते करू नका, योग्य फाइल आणा.

गूगलचं सामान घालायचं असेल तर आत्ताच, फोन पहिल्यांदा सुरू व्हायच्या आधी. 'अ‍ॅडव्हान्स्ड'मधून पुन्हा रिकव्हरीत या, परत 'अप्लाय फ्रॉम एडीबी', आणि या वेळी गॅप्सची झिप. सही जुळत नाही, तरी घालू का, असं विचारेल. या झिपवर लिनिएजची सही नसतेच, तेव्हा 'यस' म्हणा. एकदा सिस्टिम सुरू करून 'आता घालू प्ले स्टोअर' म्हणालात, तर पुन्हा सगळं पुसून पहिल्यापासून.

शेवटी 'रीबूट सिस्टिम नाऊ'. पहिल्या खेपेला पंधरा मिनिटं लागू शकतात. चहा टाका.

सुरू झाल्यावर

भाषांच्या यादीत मराठी आहे. ती घेतली की बहुतेक सेटिंग्ज मराठीत दिसतात, मध्ये मध्ये एखादं इंग्रजी ठिगळ. आईच्या फोनवर मी प्ले स्टोअर घातलंच नाही. एफ-ड्रॉइड हे खुल्या सोर्सकोडच्या अ‍ॅपचं दुकान घेतलं, त्यातून व्हीएलसी आणि रेडिओचं एक अ‍ॅप. जाहिरात शून्य. तिची एकच तक्रार आली, 'यात कँडी क्रश नाही.'

पुढचे अपडेट केबलविना येतात: सेटिंग्ज, सिस्टिम, अपडेटर. त्याच आवृत्तीतल्या अपडेटमध्ये गॅप्स टिकून राहतात. एका आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर जाताना मात्र फोनच्या पानावरच्या वेगळ्या सूचना वाचाव्या लागतात.

फोन दुसरा असेल तर

गूगलचा पिक्सेल असेल तर ग्राफीनओएस हे अँड्रॉइडचं सुरक्षेवर भर देणारं रूप बघा. ते पिक्सेलवरच चालतं, ब्राउझरमधूनच बसवता येतं, आणि बसवून झाल्यावर बूटलोडर पुन्हा बंदही करता येतो, करायचाच असतो. सॅमसंगच्या फोन-टॅबलेटला फास्टबूट नाही. तिथे डाउनलोड मोड आणि कॉम्प्युटरवर ओडिन हे सॉफ्टवेअर. शिवाय एकदा वेगळी सिस्टिम घातली की नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज कायमचा उडतो, मूळ सिस्टिम परत आणली तरी सिक्युअर फोल्डर परत येत नाही. जुना नेक्सस ७ टॅबलेट अजून कुणाकडे असेल तर तो शिकण्यासाठी उत्तम. त्याला अनलॉकसाठी कुणाची परवानगी लागत नाही.

परत फिरायचं असेल तर

लिनिएज असताना शाओमीचा बूटलोडर कधीही परत लॉक करू नका. 'कुलूप लावलं तर बँकेचं अ‍ॅप चालेल' या आशेने लोक ते करतात आणि फोनची वीट होते.

मूळ एमआययूआयवर जायचं तर त्या मॉडेलची फास्टबूट रॉम आणि शाओमीचं 'एमआय फ्लॅश' लागतं. रॉमचा फोल्डर निवडून 'फ्लॅश' दाबण्यापूर्वी खिडकीच्या अगदी तळाशी बघा. तिथे 'क्लीन ऑल अँड लॉक' हा पर्याय आधीपासूनच निवडलेला असतो. तो बदलून 'क्लीन ऑल' करा, मगच दाबा.