छोट्या देशाने जुनी लढाऊ विमानं बदलायची कशी? क्रोएशियाचं उदाहरण घेऊन

राफेल चांगलं का एफ-१६ यावर आपल्याकडे रात्र रात्र वाद चालतात, पण ज्या देशाकडे जेमतेम डझनभर लढाऊ विमानं आहेत त्याच्यासाठी हा प्रश्न बराच नंतरचा आहे. क्रोएशियाकडे मिग-२१ होती, म्हणजे आपल्या नाशिकजवळ ओझरला एचएएल या सरकारी विमान कंपनीत बनायची तीच जात. आपण ती २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निरोप देऊन बंद केली, क्रोएशियाने आपल्या थोडं आधी, २०२४ च्या शेवटी. त्यांनी हे कसं केलं ते नीट बघितलं तर काम कुठल्या क्रमाने करायचं ते बरोबर कळतं.

सगळ्यात आधी जुनं विमान नक्की कधी बंद पडणार ती तारीख काढा. प्रत्येक एअरफ्रेमचे (म्हणजे विमानाच्या सांगाड्याचे) उडायचे किती तास उरलेत, इंजिनांचे किती, ओव्हरहॉल (पूर्ण खोलून दुरुस्ती) कोण करून देणार, स्पेअर कुठून येणार, हे सगळं एका कागदावर मांडा. एका विमानाचे पार्ट काढून दुसऱ्याला लावायला लागलात की समजा उशीर झालाय. ही तारीख हातात आली की तिथून उलटं मोजत या, कारण करार झाल्यावर विमानं यायलाच काही वर्षं जातात. क्रोएशियाने सही केली नोव्हेंबर २०२१ ला आणि पहिली सहा राफेल राजधानी झाग्रेबला उतरली २५ एप्रिल २०२४ ला, तीही फ्रान्सच्या एअरफोर्समध्ये आधीच उडत असलेली! नवीकोरी मागवली तर आणखी वेळ धरा. स्लोव्हाकियाने २०१८ ला १४ नवी एफ-१६ सांगितली, पहिली दोन पोचली २०२४ मध्ये.

मग काम ठरवा. छोट्या देशाला बहुतेक वेळा एकच गोष्ट रोज करायची असते, आपल्या आकाशात अनोळखी विमान शिरलं की काही मिनिटांत दोन विमानं वर पाठवायची, दिवस असो की रात्र, ३६५ दिवस. ऐकायला दोनच विमानं, पण त्यातलं एक ऐनवेळी बिघडलं तर बदली तयार लागते, दोनचार मेंटेनन्सला उघडलेली असतात, काही ट्रेनिंगला जातात, त्यामुळे डझनभर विमानं म्हणजे चैन अजिबात नाही. क्रोएशियाने १२ घेतली त्यात १० एक सीटची आणि २ दोन सीटची. सहा घेऊन भागवू म्हणणाऱ्याने आधी हा हिशोब करावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि लोक हेच शेवटी बघतात. परवानगी. मार्च २०१८ ला क्रोएशियाने इस्रायलची वापरलेली १२ एफ-१६ बराक निवडली, किंमत साधारण ५० कोटी डॉलर, सगळे खूश. पण विमान मुळात अमेरिकन, आणि इस्रायलने त्यात स्वतःचं इलेक्ट्रॉनिक्स बसवलेलं. अमेरिका म्हणाली तिसऱ्या देशाला द्यायचं तर ते काढून मूळ रूपात द्या, क्रोएशियाला पाहिजे होतं त्या सामानासकट, आणि जानेवारी २०१९ ला सगळं फिसकटलं, परत पहिल्यापासून सुरुवात. सेकंडहँड गाडी घेताना आपण बँकेची एनओसी मागतो ना, तसंच इथे मूळ बनवणाऱ्या देशाचं लेखी पत्र हातात आल्याशिवाय निवड जाहीरच करू नका. इंजिन कोणाचं, रडार कोणाचं, मिसाईल कोणाचं, तेही विचारा, कारण विमान स्वीडनचं ग्रिपेन असलं तरी इंजिनात अमेरिकन तंत्रज्ञान आहे.

दुसऱ्या टेंडरमध्ये स्वीडन, अमेरिका, इस्रायल, फ्रान्स असे चौघे होते आणि मे २०२१ ला फ्रान्सची वापरलेली राफेल ठरली, ९९ कोटी ९० लाख युरोला. हा आकडा १२ ने भागून "एक विमान एवढ्याला" असं म्हणू नका प्लीज, त्यात सिम्युलेटर, ट्रेनिंग, शस्त्रं, स्पेअर, सुरुवातीची काही वर्षं सपोर्ट असं बरंच येतं. आणि खरेदी एकदाच होते, उडवण्याचा खर्च पुढची २५-३० वर्षं बजेटमधून जात राहतो, तो कुठून येणार ते आधी लिहून ठेवा. एकदम पैसे नसतील तर भाड्यानेही मिळतात, चेक रिपब्लिकने २००५ पासून १४ ग्रिपेन अशीच चालवली.

माणसांचं काम सही झाली त्याच आठवड्यात सुरू करा. मिग-२१ वरचा पायलट राफेलवर बसवणं म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या कॉकपिटमधून थेट स्क्रीनच्या कॉकपिटमध्ये आणणं, आणि पायलटपेक्षा जास्त वेळ टेक्निशियन तयार व्हायला लागतो असं माझं ठाम मत आहे. क्रोएशियाने दोघांनाही फ्रान्सला शिकायला पाठवलं.

एवढं करूनही मधे रिकामा काळ येतोच, जुनं बंद आणि नवं अजून ड्युटीला तयार नाही. त्याची सोय आधी करून ठेवा. ऑस्ट्रियाने नवी युरोफायटर विमानं येईपर्यंत स्वित्झर्लंडची १२ एफ-५ लढाऊ विमानं भाड्याने घेतली. स्लोव्हाकियाने २०२२ ला मिग-२९ थांबवली तेव्हा पोलंड आणि चेक विमानांनी त्यांचं आकाश सांभाळलं, आणि क्रोएशियासाठी २०२५ च्या सुरुवातीपासून इटली आणि हंगेरी उभे राहिले. नाटोत, म्हणजे एकमेकांचं संरक्षण करायच्या देशांच्या गटात, असाल तर शेजाऱ्याशी हे जमतं, नसाल तर जुनी चार विमानं तरी शेवटपर्यंत उडती ठेवावी लागतील, आणि त्यांचे तास आत्तापासूनच राखून ठेवायला लागतील.