शांघायला पहिल्यांदा जाताना: निवांत सहलीची तयारी

शांघायची सहल निवांत होणार की दमछाकीची, हे बरंचसं घरीच, मोबाइलवर ठरतं. म्हणून बॅगेच्या आधी मोबाइलची तयारी.

त्याच्याही आधी तारखा. १ ते ७ ऑक्टोबर, मेचे पहिले पाच दिवस आणि चिनी नववर्षाचा आठवडा टाळा. तेव्हा वायतानच्या (इंग्रजीत 'बंड') नदीकाठी पाय ठेवायला जागा नसते आणि रेल्वेची तिकिटं हातोहात संपतात. जूनच्या मध्यापासून पावसाची रिपरिप आणि चिकचिक असते. एप्रिल किंवा ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर उत्तम. व्हिसासाठी दीड महिना हाताशी ठेवा. पुढच्या देशात जाताना मिळणाऱ्या २४० तासांच्या बिनव्हिसा ट्रान्झिट सवलतीवर बेत आखू नका, त्या यादीत भारत नाही. पासपोर्ट निदान सहा महिने वैध आणि दोन पानं कोरी हवीत.

आता मोबाइल. अलीपे आणि वीचॅट ही तिथे पैसे भरायची अ‍ॅप्स. दोन्ही इथेच घ्या आणि पासपोर्टने ओळख पडताळून ठेवा. दोन्हींत वेगवेगळ्या बँकांचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा, म्हणजे एक अडलं तर दुसरं चालतं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू केल्याची खात्री करा. आपल्याकडे नव्या कार्डावर ते बंदच असतात आणि ऐन दुकानात पैसे अडतात ते बहुतेक यामुळेच. नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर भरा. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला लागून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, ते गाळलं की पडताळणी फसते. रेल्वेच्या तिकिटालाही हाच नियम, कारण तिथे पासपोर्ट हेच तिकीट. अलीपेवर परदेशी कार्डाने २०० युआनपर्यंत शुल्क नाही, त्यावर ३ टक्के लागतं. अडीनडीला ५०० युआन सुट्ट्या नोटांत ठेवा.

भारतीय सिमचं रोमिंग घ्याच. ओटीपी त्याच सिमवर येतो, आणि रोमिंगचा डेटा घरच्या नेटवर्कमार्गे जात असल्याने व्हॉट्सअ‍ॅप, जीमेल चालतात. हॉटेलच्या वायफायवर ते उघडत नाहीत. गूगल मॅप्सवर मात्र विसंबू नका. चीनमध्ये नकाशांची मोजणी वेगळी असल्याने तुमचा निळा ठिपका खऱ्या जागेपासून काहीशे मीटर सरकलेला दिसू शकतो. एमॅप हे चिनी नकाशांचं अ‍ॅप वापरा, आणि हॉटेलचं नाव-पत्ता चिनी लिपीत फोटो काढून ठेवा. टॅक्सीवाल्याला तोच दाखवायचा.

पॉवरबँकवर ३सी (CCC) हे चीनचं सुरक्षा-प्रमाणपत्राचं चिन्ह आहे का पाहा. जून २०२५पासून चीनमधल्या देशांतर्गत विमानांत त्याशिवायची पॉवरबँक नेऊ देत नाहीत. आपली तीन गोल पिनांची प्लग तिथे बसत नाही, अडॅप्टर लागेल.

हॉटेल मेट्रोच्या लाइन २वर, पीपल्स स्क्वेअर किंवा चिंगआन मंदिराच्या आसपास घ्या. नातेवाइकांकडे उतरणार असाल तर २४ तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागते. हॉटेल ती स्वतःच करतं. फुतोंग (पुडोंग) विमानतळावरून मॅग्लेव्ह, म्हणजे चुंबकांवर तरंगत धावणारी गाडी, ३० किलोमीटर आठेक मिनिटांत नेते खरी, पण ती लोंगयांग रोडला सोडते. रात्रभराच्या प्रवासानंतर तिथे बॅगा ओढत मेट्रो गाठण्यापेक्षा सरळ टॅक्सी करा.

शाकाहाऱ्यांनी सगळ्यात जास्त तयारी जेवणाची करावी. 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. हिरव्या भाजीतही ऑइस्टर (कालवांचा) सॉस, डुकराची चरबी, सुकी कोळंबी किंवा कोंबडीचं पाणी असू शकतं, आणि स्वयंपाकी त्याला मांस मानत नाही. म्हणून हे चारही पदार्थ नावानिशी नको, असं चिनीत लिहून घ्या. खात्रीचं ठिकाण म्हणजे १९२२पासूनचं कुंगदलिन हे शाकाहारी उपाहारगृह, किंवा जेड बुद्ध मंदिरातल्या शाकाहारी शेवया. बौद्ध स्वयंपाकात कांदा-लसूणही वर्ज्य असतो, पण बाकीची कंदमुळं चालतात, म्हणून जैन मंडळींनी विचारून घ्यावं. तरी मेतकूट, थेपले आणि एक डबा चटणी बरोबर असू द्या. नळाचं पाणी पिऊ नका. हॉटेलच्या खोलीत किटली असते.

दिवसाला दोनच ठिकाणं ठरवा, कारण मेट्रोची स्टेशनंच एवढी मोठी आहेत की गाडी बदलताना पाय दमतात. प्रत्येक वेळी बॅगेची तपासणी होते, तीही वेळात धरा. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, आणि काहींत नोंदणी आधी करावी लागते. खिशात टिश्यू ठेवा, सार्वजनिक स्वच्छतागृहांत कागद नसतोच असं समजून चाला. संध्याकाळी महागड्या बोटीऐवजी दोन युआनच्या साध्या फेरीबोटीने हुआंगफू नदी ओलांडा, दोन्ही काठांची रोषणाई तिच्यावरूनही दिसते. रात्री दहाच्या सुमारास दिवे मालवतात, त्याआधी पोहोचा.