पाणी किती फुटांवर? मॉमी नदीच्या बंदरात शिकलेलं जहाजकाम

जुलै उजाडला की कोल्हापुरात शाळकरी पोरगंसुद्धा विचारतं, "पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर?" ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे आकडे आम्हाला पाढ्यांबरोबरच पाठ होतात. कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी म्हणून माझ्या दुसऱ्या जहाजावर असताना चीफ ऑफिसरनं मला पहाटे चारला उठवून हाच प्रश्न विचारला. तेव्हा आम्ही अमेरिकेत टोलेडो बंदरात, मॉमी नदीच्या धक्क्याला मका भरत उभे होतो. आणि काळजी पाणी चढण्याची नव्हती, उतरण्याची होती.

हे लिहायचं कारण म्हणजे गावाकडच्या पोरांचे येणारे फोन. "दादा, मर्चंट नेव्हीत जायचंय, पण आपल्याला समुद्र कुठं माहितेय?" अरे, भर समुद्रात कॅडेटचं फारसं काही अडत नाही. अटलांटिकमध्ये दिवसचे दिवस जहाज ऑटोपायलटवर जातं. खरी परीक्षा शेवटच्या पंचवीस मैलांत असते.

आधी प्रवेशाचं थोडक्यात सांगतो. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्समध्ये ६० टक्के आणि इंग्रजीत दहावीला किंवा बारावीला ५० टक्के हवेत. मग इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा. डीएनएस, म्हणजे नॉटिकल सायन्सचा डिप्लोमा, एक वर्षाचा. त्यानंतर अठरा महिने जहाजावर कॅडेट. रंगांधळेपणा असेल तर डेकचा, म्हणजे जहाज चालवणाऱ्या अधिकाऱ्याचा रस्ता बंद, म्हणून फी भरायच्या आधी डोळे तपासून घ्या. आणि एजंटांपासून लांब राहा. आमच्या आण्णांनी उसाच्या बिलाचे पैसे एकाला जवळजवळ देऊन टाकले होते. 'डायरेक्ट जहाजावर' असं त्याचं आश्वासन होतं आणि हातात पावती मात्र कोऱ्या कागदावरची. भरती करणाऱ्याकडं डीजी शिपिंगचा, म्हणजे सरकारच्या जहाज खात्याचा, आरपीएसएल हा भरतीचा परवाना आहे का, एवढं बघितलं असतं तरी त्या आठवड्यात घरातल्या सगळ्यांची झोप उडाली नसती.

आता टोलेडो. समुद्रापासून इतकं आत जहाज जातं कसं? सेंट लॉरेन्स सीवेमुळं. हा जलमार्ग १९५९ ला सुरू झाला. कॅनडातल्या मॉन्ट्रियलपासून सात लॉक, म्हणजे पाणी भरून जहाज वर उचलणारे दरवाजांचे हौद, चढून ओंटारिओ सरोवर, मग वेलँड कालव्याचे आठ लॉक. या आठांत जहाज साधारण शंभर मीटर वर उचललं जातं आणि ईरी सरोवरात उतरतं. लॉकची रुंदी २४.४ मीटर, आमच्या जहाजाची २३.७. दोन्ही बाजूंना जेमतेम एकेक फूट. पहिल्यांदा बघताना श्वास रोखला जातो, आठव्या लॉकपर्यंत नुसती झोप येते.

सरोवर म्हटलं की आपल्याला रंकाळा आठवतो. ईरी जवळपास ३९० किलोमीटर लांब आहे, काठ दिसत नाही. पण खोली फसवी. टोलेडोच्या बाजूचा पश्चिम भाग सरासरी साडेसात मीटरच खोल, आणि भरलेलं जहाज आठ मीटर पाण्यात बसतं. म्हणून सरोवरात सुमारे अठरा मैल आणि नदीत सात मैल खणलेला चॅनल आहे. नदी गाळ आणत राहते, तो काढत राहावा लागतो. चॅनलच्या बाहेर गेलात की चिखलात.

परदेशी जहाजाला इथं पायलट, म्हणजे वाट दाखवणारा स्थानिक जाणकार, सक्तीचा असतो. तरी पायलट आला म्हणून तुमचं काम संपत नाही. लुकआऊटला, म्हणजे पुढं नजर ठेवायला उभा असताना लाल बोया (चॅनलची कड दाखवणारा तरंगता खांब) उजवीकडून येताना दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. भारतात बंदरात शिरताना लाल डावीकडं असतो. मी थर्ड ऑफिसरला घाईघाईनं सांगितलं. पायलट हसला. अमेरिकेत उलट आहे, तिथं शिरताना लाल उजव्या हाताला. पुस्तकात हे मी दोनदा वाचलं होतं!

भोंग्याचंही तसंच. समुद्रावर एक आखूड भोंगा म्हणजे 'मी उजवीकडं वळतोय'. तिथल्या नियमांत तो प्रस्ताव असतो, 'तुला माझ्या डाव्या बाजूला ठेवून जायचा विचार आहे', आणि समोरच्यानं होकार द्यायचा. प्रवाहाबरोबर खाली येणाऱ्या जहाजाला पहिला हक्क, वर जाणाऱ्यानं थांबायचं.

चाकावर उभं राहायची संधी मिळाली तर सोडू नका. पायलट "स्टारबोर्ड टेन" म्हणाला की आधी तेच मोठ्यानं म्हणायचं, मग फिरवायचं, सुकाणू तिथं पोचलं की पुन्हा सांगायचं. वळणाचं गणित मात्र आपल्या अनुभवाच्या उलट असतं. उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन गल्लीत वळतो तेव्हा मागची ट्रॉली आत कापते आणि कोपऱ्यावरच्या कट्ट्याला घासते. जहाज पुढं जाताना पुढून साधारण एक तृतीयांश लांबीवरच्या बिंदूभोवती फिरतं, त्यामुळं शेपटी बाहेर फेकली जाते. नजर नुसती बोवर, म्हणजे जहाजाच्या नाकावर ठेवलीत तर मागचा बोया उडवाल. त्यात काठ जवळ आला की पाणी शेपटीला काठाकडं ओढतं आणि नाक उलट्या बाजूला पळतं. वेग वाढवला की जहाज आणखी खाली बसतं. वेग दुप्पट, तर बसणं साधारण चौपट. म्हणून नदीत हळू, आणि सुकाणू ऐकेनासं झालं की इंजिनाचा तेवढ्यापुरता एक धक्का.

आता गोड्या पाण्याची गोष्ट. खारं पाणी घनमीटरला १०२५ किलो, गोडं १०००. तेवढाच माल घेऊन आमचं जहाज गोड्यात जवळपास वीतभर जास्त बसायचं. जहाज पाण्यात किती खोल बसलंय, म्हणजे ड्राफ्ट, त्यावरून माल मोजतात, म्हणून तेव्हा पाण्याची घनताही मोजतात, आणि ती बादली टाकायचं काम कॅडेटचं. मी ती कूलिंगचं कोमट पाणी बाहेर पडतं त्याच्या शेजारीच टाकली. घनता मोजायच्या हायड्रोमीटरवरचा आकडा बघून चीफ ऑफिसरनं मला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. जहाजाच्या सांडपाण्यापासून लांब, जहाजाच्या मध्यावर आणि वेगवेगळ्या खोलीवर नमुने घ्या.

तर त्या पहाटे. नोव्हेंबर होता, रात्रभर नैर्ऋत्येचा वारा सुटलेला. ईरी नैर्ऋत्य-ईशान्य असं पसरलंय, त्यामुळं असा वारा पाणी पूर्वेकडच्या बफेलोच्या टोकाला ढकलतो आणि टोलेडोत नदी उतरते. मोठ्या वादळात दोन टोकांच्या पातळीत दोन मीटरहून जास्त फरक पडतो. मी टॉर्च घेऊन ड्राफ्ट वाचायला उतरलो. धक्क्याच्या भिंतीवर दोन फूट ओला पट्टा उघडा पडला होता. दोर तारेसारखे ताणलेले. पाणी उतरलं की जहाजही खाली जातं, दोर ढिले केले नाहीत तर तुटतात. आम्ही चौघं थंडीत बधिर बोटांनी ते सोडत होतो. लोडिंग थांबवलं, कारण तळ टेकलेल्या जहाजाचा ड्राफ्ट वाचून माल कळत नाही. दुपारनंतर वारा पडला तसं पाणी परत आलं, आणि तेच दोर आम्ही पुन्हा आवळले.

संध्याकाळी घरी फोन लावला. पाणी दोन फूट उतरलं म्हटल्यावर आण्णांनी विचारलं, "पाऊस नाही झाला व्हय तिकडं?"

"पावसाचा संबंध नाही, वाऱ्यानं उतरलं."

"वाऱ्यानं नदी उतरती?" दहा मिनिटं समजावलं. ते थोडं थांबले, मग म्हणाले, "आमच्या पंचगंगेला सांग की हे एकदा."