नेटवर्किंग सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनमधील किरकोळ शब्दचुका कशा दुरुस्त कराव्यात

फायरवॉल, राउटिंग किंवा डीएनएस सर्व्हरचे मॅन पेज (युनिक्स-लिनक्स यंत्रांवरील माहितीचे पान) वाचताना कुठे अक्षर गळलेले असते, कुठे एकच शब्द दोनदा आलेला असतो, तर कुठे वाक्यातला नकारच राहून गेलेला असतो. अशी चूक दुरुस्त करण्यासाठी प्रोग्रामर असण्याची गरज नाही. मात्र बदललेल्या शब्दावर विसंबून कोणीतरी आपले नेटवर्क उभे करणार आहे, याचे भान हवे.

प्रथम चूक अजून शिल्लक आहे का ते तपासावे. आपल्या यंत्रावरील मॅन पेज बहुधा जुन्या आवृत्तीचे असते, म्हणून प्रकल्पाच्या रिपॉझिटरीतील (मूळ फाइलींच्या साठ्यातील) मुख्य शाखा पाहावी आणि तीच दुरुस्ती कोणी आधीच पाठवली आहे का तेही बघावे. पुष्कळदा डॉक्युमेंटेशनचे पान कोडमधील कॉमेंटवरून आपोआप तयार होते. तसे असल्यास मूळ कॉमेंट दुरुस्त करावी, कारण तयार झालेल्या पानातील बदल पुढच्या बिल्डमध्ये, म्हणजे पाने पुन्हा तयार होताना, पुसला जातो.

यानंतरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: जी चूक वाटते ती खरोखर चूक आहे का? वेबच्या एचटीटीपी प्रोटोकॉलमधील ‘रेफरर’ (Referer) या हेडरच्या, म्हणजे विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीच्या, नावात एक ‘आर’ कमी आहे. ही वर्णरचना १९९६ च्या आरएफसी १९४५ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) आली आणि आजही प्रोटोकॉलमध्ये तशीच आहे. नंतर आलेल्या ‘रेफरर-पॉलिसी’ (Referrer-Policy) या हेडरमध्ये मात्र शब्द नीट लिहिलेला आहे. दोन्ही एकाच पानावर आढळली तरी दोन्ही आपापल्या जागी बरोबरच आहेत. हेडरची, कॉन्फिगरेशनमधील पर्यायांची आणि कमांडची नावे सॉफ्टवेअर ज्या रूपात ओळखते त्याच रूपात राहिली पाहिजेत. उदाहरणांतील १९२.०.२.० सारखा आयपी पत्ताही बदलू नये. आरएफसी ५७३७ ने पत्त्यांचा तो गट डॉक्युमेंटेशनसाठीच राखून ठेवला आहे.

शब्द गद्यातला असला, तरी तो बदलल्याने अर्थ बदलतो का हे पाहावे लागते. फायरवॉलच्या पानात ‘पॅकेट रिजेक्ट होते’ असे लिहिले आहे आणि आपल्याला तेथे ‘ड्रॉप’ हवे असे वाटते, अशी कल्पना करा. ड्रॉप केलेल्या पॅकेटला उत्तरच जात नाही, त्यामुळे पाठवणारा टाइमआउट होईपर्यंत वाट पाहत राहतो. रिजेक्टमध्ये आयसीएमपी संदेश किंवा टीसीपी रीसेट परत जातो आणि पाठवणाऱ्याला नकार लगेच कळतो. अशा ठिकाणी भाषेच्या जाणिवेवर विसंबू नये. कोड वाचावा, किंवा नियम चाचणी यंत्रावर लावून काय परत येते ते पाहावे. बिट आणि बाइट यांची गफलतही अशीच असते: १ गिगाबिट प्रतिसेकंद म्हणजे १२५ मेगाबाइट प्रतिसेकंद, त्यामुळे एककातील एक अक्षर चुकले तर आकडा आठपट बदलतो. मानकांच्या भाषेत ‘मस्ट’, ‘शुड’ आणि ‘मे’ या शब्दांचे अर्थ आरएफसी २११९ ने १९९७ मध्ये ठरवून दिले आणि आरएफसी ८१७४ ने २०१७ मध्ये स्पष्ट केले की, हा विशेष अर्थ केवळ कॅपिटल अक्षरांत लिहिलेल्या शब्दांना लागू होतो. म्हणजे अशा मजकुरात अक्षरे लहान-मोठी करणे हाही अर्थातलाच बदल ठरतो.

खात्री पटली की तेच वाक्य इतरत्र आहे का ते शोधावे. नमुना कॉन्फिगरेशन फाइल आणि ‘हेल्प’चा मजकूर येथे त्याची प्रत हमखास सापडते. सगळीकडे एकदम ‘रिप्लेस’ मात्र करू नये, प्रत्येक जागा स्वतः पाहावी.

बदल चुकीच्या शब्दापुरताच ठेवावा. परिच्छेदाच्या ओळी नव्याने जुळवल्या तर डिफमध्ये (जुन्या-नव्या मजकुरातील फरकाच्या यादीत) सगळा परिच्छेद बदललेला दिसतो आणि तपासणाऱ्याला खरा बदल हुडकावा लागतो. मॅन पेजमध्ये तर ओळी सरकवणे धोक्याचेही असते: ओळीच्या सुरुवातीला टिंब आले की रॉफ (मॅन पेज मांडणारी प्रणाली) ती ओळ आज्ञा समजते, आणि टिंबाने सुरू होणारे फाइलनाव तेथे येऊन पडले तर ती ओळच पानावरून नाहीशी होऊ शकते. म्हणून पाठवण्यापूर्वी पान तयार करून डोळ्यांखालून घालावे.

कमिट (रिपॉझिटरीत नोंदवलेला बदल) करताना त्याच्या संदेशाच्या पहिल्या ओळीत कोठे काय बदलले ते लिहावे आणि खाली कारण द्यावे; अर्थ बदलत असेल तर तो कशावरून पडताळला हेही सांगावे. निव्वळ वर्णदोष एका कमिटमध्ये आणि अर्थाला हात घालणारा बदल वेगळ्या कमिटमध्ये ठेवावा, असे माझे ठाम मत आहे, कारण पहिला तत्काळ स्वीकारला जाऊ शकतो आणि दुसऱ्यावर चर्चा होणे योग्यच असते. लिनक्स कर्नलसारख्या प्रकल्पांत ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ (बदल पाठवण्याचा आपल्याला हक्क आहे अशी नावानिशी ग्वाही) डॉक्युमेंटेशनच्या पॅचलाही, म्हणजे पाठवलेल्या बदलालाही, लागते.

चूक आरएफसीमध्येच असेल तर मार्ग वेगळा आहे. प्रसिद्ध झालेल्या आरएफसीचा मजकूर बदलला जात नाही. आरएफसी प्रसिद्ध करणाऱ्या आरएफसी एडिटरकडे इरेटा (चूक-दुरुस्तीची नोंद) नोंदवावा लागतो. त्यात विभाग क्रमांक, मूळ मजकूर, सुधारित मजकूर आणि टिपण द्यावे, तसेच चूक तांत्रिक आहे की संपादकीय हे निवडावे. पडताळणीनंतर नोंद मान्य होते, फेटाळली जाते किंवा दस्तऐवजाच्या पुढील आवृत्तीसाठी राखून ठेवली जाते.